कीबोर्डमधली लाल दांडी: कर्सर पळतो, बोट दुखतं, तेव्हा काय करायचं

ऐरोली, महापे, घणसोली, नाहीतर ठाण्यात वागळे इस्टेट. इथल्या एखाद्या ऑफिसात नोकरीला लागलात की हातात येणारा लॅपटॉप बऱ्याचदा काळा, चौकोनी आणि कीबोर्डच्या मधोमध लाल टिपका असलेला असतो. कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले असेच लॅपटॉप पुढे रिफर्बिश्ड म्हणून विकले जातात, त्यामुळे कॉलेजच्या मुलांकडे आणि घरून काम करणाऱ्यांकडेही तो टिपका पोचला आहे. बहुतेक जण त्याला एक-दोनदा ढकलून बघतात, कर्सर भलतीकडेच जातो म्हणून वैतागतात आणि सरळ माउस जोडतात. ज्यांना तो आवडतो त्यांनाही कधी ना कधी एक दिवस असा येतो की हात न लावता कर्सर आपोआप कोपऱ्याकडे सरकायला लागतो. दुकानात नेलात तर ऐकायला मिळतं, ‘साहेब, कीबोर्ड गेला, बदलावा लागेल.’

तो गेलेला नसतो असं नाही. पण त्याआधी बघायच्या गोष्टी बऱ्याच आहेत, आणि त्यातल्या बहुतेक फुकटात होतात.

आधी ही दांडी चालते कशी ते बघा

तो लाल टिपका ज्या छोट्या दांडीवर बसवलेला असतो, ती बोटाने रेटून कर्सर हलवायचा. थिंकपॅड नावाच्या लॅपटॉपांवर हिला ट्रॅकपॉइंट म्हणतात. आयबीएममध्ये टेड सेल्कर आणि जोसेफ रटलेज यांनी ती घडवली आणि १९९२ मध्ये थिंकपॅड ७००सी या मॉडेलबरोबर ती बाजारात आली. २००५ मध्ये आयबीएमचा पीसीचा धंदा लेनोवोने घेतला, तेव्हा दांडीही तिकडे गेली. डेलच्या जुन्या लॅटिट्यूडमध्ये, एचपीच्या काही एलिटबुकमध्ये आणि तोशिबाच्या काही मॉडेलांत अशीच दांडी मिळते. रंग वेगळा, काम तेच.

ही दांडी गेमच्या जॉयस्टिकसारखी कलत नाही. ती जवळजवळ हलतच नाही. तिच्या बुडाशी ताण मोजणारे बारीक सेन्सर असतात. तुम्ही किती जोराने आणि कुठल्या दिशेला रेटताय ते मोजून कर्सरचा वेग ठरतो. म्हणजे बोट जास्त सरकवलं म्हणून कर्सर जास्त लांब जात नाही. जोर वाढला तर वेग वाढतो, एवढंच. हलका जोर दिला तर कर्सर ठरावीक संथ गतीने चालावा, असाच हिशेब मूळ रचनेत ठेवलेला आहे. बारीक काम त्या हलक्या जोरातच करायचं असतं. नवा माणूस नेमकं उलट करतो: आयकॉन जवळ आला की घाबरून घट्ट दाबतो, आणि कर्सर त्याच्यावरून उडी मारून पुढे जातो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सेन्सरला ‘आत्ता बोट नाही’ हे कळायला एक शून्य ठरवावं लागतं. ऊन-गारव्याने, लॅपटॉप तापल्याने हे शून्य थोडं थोडं हलत राहतं, म्हणून दांडी स्वतःच ते अधूनमधून नव्याने ठरवते. थिंकपॅडच्या मूळ रचनेत अर्धा सेकंद जोर एकसारखा राहिला, की दांडी समजते की बोट उचललेलं आहे, आणि तो जोरच शून्य मानते.

गंमत इथे होते. तुम्ही एखादी लांबलचक पीडीएफ एकाच संथ जोराने खाली नेताय, बोट स्थिर आहे. दांडीला वाटतं, हेच शून्य. कर्सर मंदावतो. तुम्ही बोट उचलता, आणि आता खरं शून्य तिला उलट्या दिशेचा जोर वाटतो, म्हणून कर्सर आपोआप वर चढायला लागतो. हे एकदा मुद्दाम करून बघा, म्हणजे निम्मी भीती जाईल.

कर्सर पळायला लागला तर पहिलं काम: सोडून द्या

पळणाऱ्या कर्सरला माणूस बोटाने अडवायला जातो. तोच घोळ. तुम्ही उलट रेटलंत की दांडीला पुन्हा एकसारखा जोर मिळतो आणि ती आणखी चुकीचं शून्य धरते. बोट पूर्ण उचला, हात कीबोर्डवरून बाजूला घ्या, चार-पाच सेकंद थांबा. कर्सर एखाद्या कोपऱ्यात जाऊन टेकला तरी चालेल. शून्य नीट बसलं की तो गप्प होतो.

लॅपटॉप चालू होत असताना टिपक्यावर बोट ठेवून बसायचं नाही, ही सवय लावून घ्या. एप्रिल-मे मध्ये स्टेशनपासून ऑफिसपर्यंत उन्हात चालत आलात आणि थंडगार एसीत लॅपटॉप उघडलात, तर पहिल्या काही मिनिटांत कर्सर थोडा सरकणं स्वाभाविक आहे. त्यावर लगेच आयटीवाल्यांकडे तक्रारीचं तिकीट टाकू नका.

अधूनमधून सरकणं आणि दोन-चार सेकंदांत थांबणं हा बिघाड नाही. थांबतच नसेल, किंवा दर मिनिटाला होत असेल, तर पुढे वाचा.

गुन्हेगार दांडीच आहे ना?

हे तपासल्याशिवाय काहीही बदलू नका. पुष्कळदा कर्सर उडवणारा असतो टचपॅड: टाइप करताना अंगठ्याचा गड्डा त्याला लागतो. आपल्याकडच्या दमट हवेत घामेजलेला हात तर फारच सहज लागतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मग टचपॅड, आणि तिथलं बटण बंद. बाहेरचा माउस असेल तर तोही काढा, बिनतारी माउसचा छोटा यूएसबी तुकडासुद्धा. बॅगेत चालू राहिलेला माउस कर्सर हलवतोय आणि शिव्या दांडीला, हे ऑफिसात सर्रास होतं.

चार्जर लावल्यावरच कर्सर थरथरत असेल आणि काढल्यावर थांबत असेल, तर संशय टचपॅडवर आणि सॉकेटच्या अर्थिंगवर घ्या. जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण मागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर लावून बघा.

टचपॅड बंद, माउस काढलेला, तरी कर्सर सरकतोय? मग दांडीकडे वळू.

टोपी काढा

त्या लाल रबरी टिपक्याला मी टोपी म्हणतो. ती चिकटवलेली नसते. नुसती बसवलेली असते. दोन नखांत धरून सरळ वर ओढा, निघते. खाली एक छोटी चौकोनी खुंटी दिसेल. टोपीच्या पोटातही तसंच चौकोनी भोक असतं.

आता टोपी न लावता पाच-दहा मिनिटं लॅपटॉप तसाच चालू ठेवा. सरकणं थांबलं, तर दोष टोपीचा. ती वाकडी बसली होती, फुगली होती, किंवा जी, एच, बी या तीन कळांपैकी एखादीला घासत होती. कीबोर्ड नुकताच बदलला असेल तर हे घासणं जास्त दिसतं.

टोपी साबणाच्या कोमट पाण्यात बोटांनी चोळून धुवा, पुसून पंख्याखाली पूर्ण वाळवा, मगच लावा. पावसाळ्यात घाई केलीत तर भोकात पाणी राहतं. खुंटीच्या बुडाशी साचलेली धूळ आणि फरसाणचे कण मऊ, कोरड्या ब्रशने झटका. तिथे पाणी किंवा कसलंही लिक्विड सोडू नका. वडापाव खाऊन हात न धुता काम करणाऱ्यांची टोपी वर्षभरात गुळगुळीत होते. मग ती धरत नाही, म्हणून बोट जोर वाढवतं, आणि बोट दुखतं ते त्याने. गुळगुळीत टोपी बदलायचीच. हा खर्च किरकोळ आहे आणि फरक मोठा.

बदलताना दोन गोष्टी सांभाळा. एक, आकार. घुमटाकार, वर खरखरीत दाणे असलेली आणि मधे खोलगट, कडा उचललेली अशा टोप्या मिळतात. माझं मत खोलगट टोपीच्या बाजूने आहे: बोटाचं टोक त्यात बसतं, घसरत नाही, त्यामुळे जोर कमी लागतो. खरखरीत टोपी पकड चांगली देते, पण दिवसभर वापरली की बोटाची त्वचा हुळहुळते.

दोन, उंची. जुन्या जाड लॅपटॉपची टोपी उंच असते. नव्या पातळ मॉडेलांना बुटकी लागते, आणि भोकाचं मापही वेगळं असतं. ऑनलाइन मागवताना ‘सगळ्या थिंकपॅडना चालते’ असं लिहिलेलं पाकीट घेऊ नका. आपल्या मॉडेलचं नाव यादीत आहे का ते बघा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणार असाल तर लॅपटॉपच बरोबर न्या आणि तिथेच लावून बघा.

उंच टोपी बसली तर लगेच काही वाटत नाही. झाकण बंद केलं की ती स्क्रीनला टेकते, आणि काही दिवसांनी स्क्रीनच्या मध्यावर एक फिकट डाग उमटतो. तो जात नाही. तपासायची सोपी रीत: टोपीवर कागदाची पट्टी ठेवा, झाकण अलगद बंद करा, पट्टी ओढा. सहज निघाली तर ठीक. अडकली तर टोपी उंच आहे.

टोपी बरोबर असूनही डाग पडू शकतो, आणि त्याचं कारण आपली लोकल. सकाळच्या गर्दीत सॅक छातीशी धरलेली, मागून-पुढून रेटा, आणि आत लॅपटॉपच्या झाकणाला टेकून चार्जरचा ठोकळा. सगळा दाब झाकणाच्या मध्यावर येतो, म्हणजे नेमका टिपक्यावर. चार्जर वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि लॅपटॉपचं झाकण सॅकच्या गादीच्या बाजूला येईल असं ठेवा. कीबोर्डवर रुमाल किंवा नॅपकिन ठेवून झाकण लावायची युक्ती काही जण करतात. जाड कापडाने दाब उलट वाढतो.

सेटिंग: जोर कमी लागेल असं करा

बोट दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. सेन्सिटिव्हिटी कमी ठेवलेली असते, माणूस जोर लावत राहतो, संध्याकाळपर्यंत तर्जनीचं पेर ठणकायला लागतं.

सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मग माउस, आणि तिथे खाली ‘ॲडिशनल माउस सेटिंग्ज’. जुन्या पद्धतीची छोटी खिडकी उघडते. कंपनीचा ड्रायव्हर (म्हणजे दांडी चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर तिच्यात ट्रॅकपॉइंट किंवा थिंकपॅड नावाचा टॅब दिसेल. काही नव्या मॉडेलांत हा टॅब नसतो. त्याऐवजी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ट्रॅकपॉइंटचं वेगळं ॲप घ्यावं लागतं.

सेन्सिटिव्हिटी दोन घरं वाढवा. लगेच शेवटपर्यंत नेऊ नका, नाहीतर नुसत्या स्पर्शाने कर्सर उडेल. एक दिवस त्यावर काम करा, मग आणखी एक घर. कर्सर फार धावतोय असं वाटलं तर सेन्सिटिव्हिटी खाली आणण्याआधी त्याच खिडकीतला पॉइंटरचा वेग कमी करून बघा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत: सेन्सिटिव्हिटी म्हणजे बोटाला किती कष्ट, वेग म्हणजे पडद्यावर कर्सर किती धावणार. ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’, म्हणजे हालचालीच्या वेगाप्रमाणे कर्सरची धाव कमी-जास्त करणारा पर्याय, मी दांडीसाठी चालू ठेवतो. माउसवाले ते बंद करायला सांगतात. त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर असेल.

‘प्रेस टू सिलेक्ट’ असा पर्याय दिसला तर बंद करा. तो चालू असला की टिपक्यावर टिचकी पडली तरी क्लिक होतं, आणि एक्सेलमध्ये भलत्याच सेलमध्ये मजकूर पडतो. काही नव्या थिंकपॅडवर टिपक्यावर दोनदा टिचकी मारली की एक छोटा मेन्यू उघडतो. तो नको असेल तर त्याच्याच सेटिंगमधून बंद होतो.

ट्रॅकपॉइंटचा टॅबच नाही, स्पेसबारखालच्या तीन बटणांतलं मधलं दाबून स्क्रोल होत नाही? मग विंडोजच्या एखाद्या अपडेटने कंपनीचा ड्रायव्हर काढून साधा ड्रायव्हर बसवलेला असण्याची शक्यता आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या खाली नुसतं ‘पीएस/२ कंपॅटिबल माउस’ दिसलं तर तेच झालंय. लॅपटॉपच्या पोटावरचा मॉडेल नंबर बघा आणि निर्मात्याच्या सपोर्ट पानावरून ड्रायव्हर घ्या. भलत्या साइटवरचा ड्रायव्हर अपडेटर नको. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर ॲडमिनचा अधिकार तुमच्याकडे नसतोच. आयटीवाल्यांना तिकीट टाका आणि त्यात ‘माउस चालत नाही’ असं मोघम न लिहिता ‘ट्रॅकपॉइंटचा ड्रायव्हर हवा’ असं लिहा. काम लवकर होतं.

लिनक्सवाल्यांसाठी: थिंकपॅडच्या दांडीची सेन्सिटिव्हिटी, स्पीड आणि ड्रिफ्ट टाइम कर्नल थेट उघड करतं. वर सांगितलेला अर्ध्या सेकंदाचा काळ म्हणजेच ड्रिफ्ट टाइम. तो वाढवला की संथ स्क्रोल करताना शून्य चुकायचं प्रमाण कमी होतं. हे आकडे मशीन बंद केल्यावर पुसले जातात, म्हणून यूडेव्हचा नियम लिहून ठेवा. सगळ्या मॉडेलांवर हे पर्याय दिसत नाहीत.

बोट आणि हात

तर्जनीचं टोक टोपीवर, बाकीची बोटं आपापल्या कळांवर, दोन्ही अंगठे खालच्या बटणांवर. मनगट उचलायचं नाही, कोपर हलवायचं नाही. ठाणे-वाशी गाडीत खिडकीशी बसून मांडीवर काम करणाऱ्याला ही दांडी आवडते ती याचसाठी. शेजाऱ्याच्या बरगडीत कोपर जात नाही.

इनस्क्रिप्टमध्ये मराठी टाइप करणाऱ्यांना तर हिचा फायदा जास्त. टिपका बसतो तो उकार, प आणि व या कळांच्या मधोमध, म्हणजे बोटं जिथे असतात तिथेच. शब्द दुरुस्त करायला हात उचलून माउसकडे जायचं आणि परत येऊन बोटं चाचपायची, हे वाचतं.

मधलं बटण दाबून धरा आणि टोपी वर-खाली रेटा: पान सरकतं. सोसायटीचा ऑडिट रिपोर्ट वाचताना हे सुख कळेल. फक्त एकसारखा जोर ठेवून बसू नका. थोडं रेटा, सोडा, वाचा, पुन्हा रेटा.

पहिले काही दिवस टचपॅड बंदच ठेवा, नाहीतर बोट सवयीने तिकडेच जातं. तर्जनी दुखायला लागली तर मधलं बोट वापरा, किंवा डावा हात. त्यानेही ठणका राहिला, किंवा मुंग्या यायला लागल्या, तर दांडी काही दिवस पूर्ण बंद ठेवा, माउस वापरा, आणि तरी थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक. मान दुखते म्हणून लॅपटॉप स्टँडवर चढवलात तर टिपका छातीच्या उंचीवर जातो आणि मनगट मुडपतं. स्टँड वापरायचा असेल तर बाहेरचा कीबोर्ड हवाच. दांडी असलेले स्वतंत्र कीबोर्डही मिळतात.

तरीही थांबत नसेल

लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगतोय? टचपॅड किंवा कीबोर्ड मधे फुगलेला वाटतोय, टचपॅडचं क्लिक घट्ट झालंय, झाकण नीट लागत नाही? बॅटरी फुगलेली असू शकते. ती आतून कीबोर्डला वर ढकलते आणि दांडीवर कायमचा ताण येतो. इथे थांबायचं. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, फुगवटा दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोकदार वस्तू जवळ नको. दुरुस्तीला लगेच द्या. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात नाही, ई-कचऱ्यात.

बॅटरी ठीक असेल तर लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह (विंडोजला हात न लावता थेट पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवणारा) लावून मशीन चालू करा. तिथे कर्सर शांत असेल तर दोष विंडोजच्या ड्रायव्हरचा. तिथेही तसाच पळत असेल, किंवा चारपैकी एकाच दिशेला कर्सर जातच नसेल, तर सेन्सर गेला. याला सेटिंग नाही.

दांडी अजिबातच मेली असेल तर बायोस, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीची मशीनची मूळ सेटिंग, बघा: थिंकपॅडवर चालू होताना एफ १, डेलवर एफ २, एचपीवर एफ १०. थिंकपॅडमध्ये कॉन्फिग, मग कीबोर्ड/माउस, आणि तिथे ट्रॅकपॉइंट बंद करून ठेवलेला सापडू शकतो. वापरलेला लॅपटॉप घेतलात तर आधीच्या मालकाने केलेला हा पराक्रम अधूनमधून दिसतो. ऑफिसच्या मशीनवर बायोसला पासवर्ड असतो, तिथे खटपट करू नका.

वापरलेला लॅपटॉप मुद्दाम दांडीसाठी घेत असाल तर टी४४० आणि एक्स२४० ही मॉडेलं टाळा. त्या पिढीत दांडीची वेगळी बटणं काढून टाकली होती, टचपॅडच्या वरच्या काठावर दाबावं लागतं. पुढच्या टी४५० आणि एक्स२५० मध्ये बटणं परत आली.

कीबोर्ड बदलायचाच ठरला तर एवढं ध्यानात ठेवा. दांडी कीबोर्डचाच भाग असते, वेगळी सहसा मिळत नाही. जुन्या मॉडेलांत खालचे स्क्रू काढले की कीबोर्ड सरकून निघतो. पातळ मॉडेलांत मदरबोर्डसकट सगळं बाहेर काढावं लागतं, म्हणून मजुरीचा भाव आधी विचारा. कीबोर्ड ओरिजिनल की कंपॅटिबल, बॅकलाइट आहे की नाही, गॅरंटी किती, हे बिलावर लिहून घ्या. मशीन हातात आल्यावर दुकानातच उभं राहून तपासा: चारही दिशांना हलकं रेटा, तिन्ही बटणं दाबा, मधलं बटण धरून स्क्रोल करा, मग हात काढून घ्या आणि पाच मिनिटं कर्सरकडे बघत बसा. एखादं बटण ‘नंतर सेट होईल’ असं दुकानदार म्हणाला, तर पैसे देऊ नका. आणि जुना कीबोर्ड मागून घ्या. त्यावरची टोपी उपयोगाची असते.